काळ्या धाग्याच्या मिरच्या

"बाह्या वर कर."

नेटच्या मालकीण काकू माझ्यासमोर उभ्या होत्या. शेडनेटमध्ये आम्ही अकरा बाया, मिरचीच्या सऱ्यांमध्ये एकेक. भाद्रपद चालू होता. नेटमध्ये सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागतात. तरी मी साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेला, मनगटाची बटणं लावलेली. शर्ट सगळ्याच बाया घालतात. पण बाकीच्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. माझ्याच खाली होत्या.

मी म्हणाले, "राहू द्या ना काकू."

"सकाळपसून बघून राह्यले मी. सारखी खाजवतीस. वर कर म्हणते ना."

मनगटाचं बटण मी काढलं. तेवढंच झालं माझ्याच्यानं. बाही काही वर करवेना. मग काकूंनी माझ्या टोपल्यातला चिमटा उचलला. मिरचीची कळी उघडायला आमच्याकडे बारीक चिमटा असतो. त्या चिमट्यानं त्यांनी माझी बाही धरली आणि ओढत ओढत दंडापर्यंत नेली. स्वतःचं बोट कुठं लागू दिलं नाही.

सगळ्या बायांनी बघितलं. मनगटापासून वरपर्यंत टणक पुटकुळ्या. काही लाल, काही खाजवून फुटलेल्या, काही वाळून काळ्या पडलेल्या. मधून नखांच्या रेघा.

"खरूज हाय का दुसरंच काही?" काकूंनी विचारलं. मला नाही, सगळ्यांना.

शांता माझी शेजारीण. सहा वर्षं आम्ही दोघी बरोबर कामाला जात होतो, एका फडक्यातली भाकरी खात होतो. ती हळूच म्हणाली, "हिच्या मालकाला बी असंच झाल्तं." तिच्या मनात वाईट नसेल. पण ती म्हणाली.

काकूंनी चिमटा माझ्या पायापाशी टाकला. "हा आता तुझाच. दुसरीच्या हातात देऊ नको."

आमच्या भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या भागात मिरचीच्या बियाणाचे प्लॉट असतात. काकूंच्या मालकांचे, आण्णांचे, तीन नेट होते. कंपनी दोन जातींची रोपं देते, एक नराची, एक मादीची. मादीच्या झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची, आतला नर काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचा पराग त्या फुलाला लावायचा आणि देठाला लोकरीचा बारीक धागा बांधायचा. तोडणीच्या वेळी धागा असलेलीच मिरची घेतात. तिचंच बी कंपनीला जातं. बिनधाग्याची मिरची या कामात फुकट.

त्या साली धागा लाल होता.

काकू मुकादमबाईला म्हणाल्या, "हिला उद्यापसून काळा धागा द्या. हिच्या हातचं बी येगळं राहू द्या. उद्या बियात उतरलं काही, तर सगळा प्लॉट जाईल आपला."

माणसाच्या अंगावरचा रोग मिरचीच्या बियात उतरतो. असं बी.ए. झालेली बाई म्हणाली. दोन मुलं पुण्याला मोठ्या कंपनीत असलेली बाई म्हणाली. आणि मी, सातवी शिकलेली, मीही ते खरं मानलं. याचीच मला आज जास्त लाज वाटते.

कामावरून मात्र काढलं नाही. काढतील कशा? कळ्या काही कोणासाठी थांबत नाहीत, आणि अकरा जणींत माझा हात सगळ्यात चलाख होता. मी हवी होते. माझं कातडं नको होतं. दुसऱ्या दिवसापासून मला कोपऱ्यातली सरी आणि काळ्या लोकरीचा गुंडा मिळाला. चहा आला की सगळ्यांच्या हातात कप दिला जाई. माझा कान तुटलेला कप मातीवर ठेवलेला, त्यात मुकादमबाई उभ्यानं वरून चहा ओतायची. शिंतोडे पायावर उडायचे.

ही खाज कशी असते ते सांगते, कारण लोकांना वाटतं खाज म्हणजे काय, खाजवलं की संपलं. ती संपत नाही. उजव्या हातानं घास आणि डाव्या हातानं खाजवणं, असं माझं जेवण असायचं. एखादा डास चावला की तिथं गाठ उठायची आणि महिनाभर बसायची नाही. नखं पुरत नव्हती. दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड मी पाठीला घासायची. एकदा भांड्याची घासणी घेतली. रक्त निघालं की घटकाभर बरं वाटायचं, मग त्या रक्ताखालून परत खाज उठायची. झोप तर विसरूनच गेले होते. माणूस मरणाला भीत नाही इतका खाजेला भितो, हे मी स्वतः बघितलंय.

गावातल्या डॉक्टरनं तीन वेळा खरजेचं औषध दिलं. घरातल्या सगळ्यांनी लावायचं म्हणाला. माझी सासू, तिला मी आत्या म्हणते, माझी नऊ वर्षांची लेक आणि मी, तिघींनी मानेपासून पायापर्यंत लावलं. गोधड्या उकळल्या. त्या दोघींना काही नव्हतंच. माझी खाज जागची हलली नाही. मग तो म्हणाला मिरचीची अ‍ॅलर्जी आहे. इंजेक्शन दिलं. आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी दुप्पट. कडुलिंबाचं पाणी झालं, खोबरेल तेलात कापूर झाला. एका म्हातारीनं गेरू लावून दिला. तसंच तांबडं अंग घेऊन मी कामाला गेले.

आणि आता जे सांगायचं ते सांगायला जीभ जड होते.

माझ्या नवऱ्यालाही हेच होतं. ते शहागडला हायवेवरच्या एका गॅरेजात कामाला होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. जायच्या वर्षभर आधीपासून भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालायला लागले. एक दिवस अंघोळ करताना मी बघितलं. पाठ, पोटऱ्या, हात, सगळीकडे पुटकुळ्या. मला वाटलं कुठल्या तरी हॉटेलातल्या खाटेवर झोपून खरूज घेऊन आले. लेक लहान होती. मी त्यांची गोधडी शेळ्यांच्या छपरात टाकली. एक जुनं जर्मनचं, अ‍ॅल्युमिनियमचं, ताट काढलं, दुसऱ्या ताटांत मिसळू नये म्हणून त्याच्या काठाला खिळ्यानं खूण केली. ते उंबऱ्याबाहेर बसून जेवायचे. भाकरी मागितली की मी हात लांब करून वरून टाकायची. एकदा ती ताटाच्या बाहेर पडली. त्यांनी मातीतून उचलली, फुंकली आणि खाल्ली.

पुढं खोकला लागला, वाळत गेले. डॉक्टर टीबी म्हणाले. त्यातच गेले. त्यांना आपलं दुखणं माहीत होतं का नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. ते गेल्यावर तो शर्ट मी कामाला घालायला काढला. धुताना बाही उलटी केली तर आतल्या बाजूनं बारीक बारीक तपकिरी डाग. कितीही घासले तरी निघाले नाहीत. तेव्हा मी गंजाचे समजले होते. माझ्या स्वतःच्या रक्ताचे डाग त्यांच्या शेजारी पडायला लागले तेव्हा समजलं.

काकूंचं ते "दुसरंच काही" डोक्यातून जाईना. एका सोमवारी पहिल्या एसटीनं जालन्याला सरकारी दवाखान्यात गेले. कातडीच्या डॉक्टर एक बाई होत्या, माझ्यापेक्षा लहानच असतील. मी बाह्या वर केल्या आणि नेहमीच्या सवयीनं हात मागं घेतला. त्यांनी तो धरला. उघड्या बोटांनी एकेक पुटकुळी दाबून बघितली. माझ्या पुटकुळ्यांना घराबाहेरच्या माणसानं लावलेला तो पहिला हात होता. मला रडूच कोसळलं. त्यांना वाटलं दुखतंय.

"नवरा कशानं गेले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ही खरूज नाही. तुमच्या अंगावरून कोणाच्या अंगावर जाणार नाही. पण आपण रक्त तपासू. तुमची हरकत नाही ना?"

रक्तात एचआयव्ही निघाला. बराच पुढं गेलेला. लढणाऱ्या पेशी अगदी थोड्या उरल्या होत्या. अंगाची ताकद इतकी उतरली की कातडीचा तोल जातो, साधा डास चावला तरी ती पेटून उठते, असं डॉक्टरबाईंनी मला समजेल असं सांगितलं. वेगळं मलम दिलं. रोजची एक गोळी सुरू झाली, सकाळी आठला, कधीच चुकवायची नाही. त्या म्हणाल्या, "एक गोष्ट नीट ऐका. पहिले काही आठवडे खाज वाढू शकते. अंग परत लढायला लागतं म्हणून. तेव्हा घाबरून गोळी सोडायची नाही. मला येऊन भेटायचं."

मी मान हलवली. लेकीचं रक्तही तपासलं, ते चांगलं निघालं. त्या आनंदात बाकीचं अर्धं भोकरदनच्या स्टँडवरच विसरले.

तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर आलं. कपाळ, गाल, मान. हाताला शर्ट होता, तोंडाला काय घालणार? फडकं बांधलं तर घामानं आणखी पेटायचं. सकाळी आठला मी नेटमध्ये असायची. कमरेला गोळ्यांची डबी, चालताना खुळखुळायची. एकदा काकूंनी दारातूनच विचारलं, "कसल्या गोळ्या खाऊन राह्यली गं तू? खाल्ल्यापसून तर तोंडाचं बी वाटोळं झालं." बाया हसल्या. शांताही हसली.

मला वाटलं, खरंच की. गोळ्यांनीच झालंय हे.

दसऱ्यापासून मी गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. डबी तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवली. दिवाळीपर्यंत एकही गोळी खाल्ली नाही. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केली नाही. खाज तर कमी झाली नाहीच, वर तोंड आतून पांढरं झालं, घास गिळेना. चालताना मी कुंपणाला धरायला लागले. तरी रोज काळा धागा बांधत होते. नेटच्या त्या कोपऱ्यात सगळी झाडं काळ्या धाग्यांनी भरली होती.

आणि एक दिवस मी स्वतःच माळ्यावरून ते जर्मनचं ताट खाली काढलं. नवऱ्याचं. खिळ्याची खूण तशीच होती. कोणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, आता हेच आपलं. उंबऱ्याबाहेर जाऊन बसले आणि त्यात भात वाढून घेतला.

आत्या चुलीपाशी होत्या. त्यांना कमी दिसतं, पण ते ताट त्यांनी ओळखलं. उठून आल्या. माझ्या पुढ्यातून ताट उचललं, भात कोंबड्यांना टाकला.

"आत्या, तुमाला लागंल."

"लागू दे. म्हातारीला काय लागायचं?" त्या खाली बसल्या, माझ्या अगदी शेजारी. "माझं लेकरू ह्यात जेवलं. उंबऱ्याच्या भायेर. तू वरून भाकर टाकायचीस, मी आतून बघायची. मी बोलले न्हाई. मला बी भेव वाटत व्हतं. त्याची माय असून बोलले न्हाई गं मी." पदरानं डोळे पुसले. "आता तुला ह्यात जेवताना न्हाई बघायची. बिलकुल न्हाई."

मी आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांच्या लेकासाठी रडले, ज्याच्या मातीलासुद्धा मी लांब उभी राहिले होते. आत्यांनी मला दोष नाही दिला. तो दिला असता तर सोपं गेलं असतं. मग एका ताटात दोघी जेवलो. माझ्या तोंडात आग होत होती, तरी जेवले. ते जर्मनचं ताट अंगणात कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं. अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी तांदळातून डबी काढली आणि परत जालना गाठलं. वाटलं होतं डॉक्टरबाई ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणी काय बोललं?"

मी काळ्या धाग्याचं सांगितलं. चिमट्याचं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बियात काही उतरत नाही. चहाच्या कपात नाही, ताटात नाही, हातात नाही. हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे, कारण त्यांना ते माहीत करून घ्यायचं नाही."

ताटात नाही. हे शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिले. म्हणजे त्यांनाही आत बसवता आलं असतं. गोधडी घरात टाकता आली असती. मातीतली भाकरी त्यांना उचलायला लागली नसती. आता हे कळून मी कोणाला सांगू?

गोळ्या परत सुरू झाल्या. तोंडाला औषध मिळालं, आठ-दहा दिवसांत गिळता यायला लागलं. खाज हळूहळू, फार हळूहळू उतरायला लागली. एका दुपारी शांता माझ्याकडं बघून म्हणाली, "आज तू खाजवलं न्हाईस." मला ते कळलंही नव्हतं. मला बरं वाटलं. पण तोवर डबीवरचं नाव कोणीतरी वाचलं होतं, आणि काकू माझ्यामागं एचआयव्हीचं कुजबुजायला लागल्या होत्या.

मार्गशीर्षात तोडणी आली. आण्णांच्या प्लॉटवर त्या साली चुरडामुरडा पडला होता. पानं आकसली, लाल धाग्याच्या पुष्कळ झाडांनी माल धरलाच नाही. माझ्या कोपऱ्यात रोग उशिरा आला, झाडं लगडली होती. यात माझं कर्तृत्व नाही, वाऱ्याची बाजू होती. पण काकूंच्या अंगणात दोन ढीग पडले. लाल धाग्यांचा केवढासा, काळ्या धाग्यांचा गुडघ्याएवढा. माझ्या मिरच्या वेगळ्या ठेवायच्या होत्या ना? बियात उतरणार होतं ना? पण आता माल कमी पडत होता. आण्णा बाजेवर बसून म्हणाले, "मिसळून टाका. बी ते बी."

इतकं सोपं. बी ते बी.

त्यात अडचण निघाली. कंपनीचा साहेब दुपारी माल बघायला येणार होता. दोन रंगांचे धागे दिसले तर तो विचारणार, हा दुसरा माल कोणत्या नराचा? भेसळ धरून सगळंच नाकारलं असतं. म्हणून माझ्या मिरच्यांचे काळे धागे काढून तिथं लाल बांधायचं ठरलं.

काकू पायऱ्यांवर उभ्या राहून मला म्हणाल्या, "ए, बस इथं. काळे धागे सगळे काढ. जल्दी कर, साहेब निघालेत."

मी ढिगाकडं बघितलं. दोन महिने वाकून बांधलेले धागे होते ते. एकेक गाठ माझ्या बोटांची. चहा वरून ओतलेला. चिमटा पायापाशी टाकलेला. आणि त्यांच्याही मागं, उंबऱ्याबाहेर बसलेला माझा नवरा, मातीतली भाकरी फुंकणारा.

"न्हाई काढणार," मी म्हणाले.

"काय?"

"न्हाई काढणार काकू. धागा तुमी बांधायला लावला. आता तुमीच काढा. हातानी काढा. चिमट्यानी न्हाई."

आण्णा बाजेवरून अर्धे उठले. "जास्त शानपना करू नको. उद्यापसून येऊ नको कामाला."

"न्हाई येत. पर मला एचआयव्ही हाय, हे तुमी कुजबुजत सांगता ना सगळ्यांला? आता मीच सांगते. हाय. माझा नवरा त्याच्यातच गेला. मी गोळ्या खाते. आन् ही मिरची माझ्या हातची हाय. बी बी माझ्याच हातचं हाय. मिसळायचं आसंल तर बराबर हात लावून मिसळा."

शर्टाच्या बाह्या मी स्वतःच वर केल्या. दंडापर्यंत. काळे डाग सगळे तसेच होते.

काकू शांताकडं वळल्या. "शांता, तू काढ."

शांता पदराशी चाळा करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हिच्या हातचं येगळं राहू द्या, आसं तुमीच म्हणल्ता ना काकू."

एकही बाई उठली नाही. बाहेर फाट्यावर गाडीचा आवाज आला. मग काकू पायऱ्या उतरल्या. रेशमी काठाचा पदर खोचला आणि माझ्या ढिगापाशी मातीत बसल्या. पहिली मिरची दोन बोटांनी, नख लावून उचलली. नंतर वेळ नव्हता. ओंजळीनं ओढल्या, भराभर काळे धागे तोडायला लागल्या. आण्णाही येऊन बसले. मी उभी राहून बघितलं. शेवटच्या धाग्यापर्यंत थांबले नाही, माझी आठची गोळी त्या दिवशी गडबडीत राहिली होती. अंगणातल्या हंड्यातून तांब्याभर पाणी घेतलं, सगळ्यांसमोर गोळी खाल्ली आणि घरी आले.

पुढच्या हंगामात मला त्या नेटवर बोलावलं नाही. दुसऱ्या दोन ठिकाणीही नाही म्हणाले. गावात आता सगळ्यांना माहीत आहे. काही जणी पाण्यावर लांब उभ्या राहतात. शांता परत माझ्या फडक्यातली भाकरी खाते, पण ती माफी मागत नाही आणि मीही मागायला लावत नाही. खाज जवळजवळ गेली. डाग गेले नाहीत, डॉक्टरबाई म्हणतात काही राहतीलच. नवऱ्याचा तो शर्ट अजून घालते. दोन्ही बाह्या विळ्यानं दंडापासून कापून टाकल्या. ते डागांचे तुकडे मी फेकले नाहीत, पेटीत आहेत.

दवाखान्याच्या रांगेत मे महिन्यात फुल बाह्या घातलेला माणूस दिसला की मी ओळखते. त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि सांगते, पहिल्यांदा वाढते, गोळी सोडू नको. काही जण उठून लांब जातात. त्यांच्या मागं मी परत जाते.

माझ्या नवऱ्याला मी आत घेऊ शकत नाही आता. ते झालं ते झालं, त्याचं ओझं माझ्याबरोबरच जाईल. पण ज्या घरात मला वरून चहा ओततील त्या घराची पायरी मी चढणार नाही, मग चूल पेटो न पेटो. आणि माझ्या उंबऱ्याबाहेर कोणाचंही ताट पडणार नाही, मी जिवंत असेपर्यंत. आणि मी जिवंत राहणार आहे. रोज सकाळी आठला.